घोडावाल्या मालिकेची आठवी सीडी

आमच्या दुकानात अजूनही सीडी भाड्याने मिळते. कोणी नेत नाही, हा भाग वेगळा.

दुकान बालाघाटला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. पुढच्या अर्ध्या भागात माझी सून मोबाईलची कव्हरं, चार्जर आणि काचा विकते. मागच्या अर्ध्या भागात मी आणि माझ्या सीड्या. गिऱ्हाईक आत डोकावून विचारतं, "वो पीछे अंकलजी क्या बेचते हैं?" सून सांगते, "बेचते नहीं, संभालते हैं." मनात ती काय म्हणत असेल ते मला ठाऊक आहे, पण घरात शांतता राहावी म्हणून मी विचारत नाही.

मी दोनच प्रकारचा माल सांभाळतो. एक, हाताने चित्रं काढून केलेली जुनी कार्टूनं. दुसरा, टीव्हीवर एकच चॅनल होतं आणि गावात एकच टीव्ही होता, त्या काळातल्या मालिका. नवे सिनेमे मी कधी ठेवले नाहीत. नवा सिनेमा आठवड्याभरात शिळा होतो. जुनी मालिका आधीच शिळी असते, ती आणखी काय बिघडणार?

आता धंद्यातली थोडी माहिती, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. लोकांना वाटतं, सीडीची चमकणारी बाजू नाजूक. साफ चूक. तिथे ओरखडा पडला तर थोडी टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसायचं, बहुतेक वेळा काम भागतं. खरी नाजूक ती वरची, नाव छापलेली बाजू. चित्र त्या छपाईच्या अगदी खाली असतं. तिथे खरवडलं की संपलं. तपासायची रीत अशी, सीडी उजेडासमोर धरायची. सुईच्या टोकाएवढा उजेड जरी आरपार आला, तरी तेवढं चित्र गेलं म्हणून समजायचं. आणि ओरिजिनल ओळखायची खूण म्हणजे तिची मागची बाजू चांदीसारखी पांढरी असते. निळसर किंवा हिरवट दिसली की ती घरच्या कॉम्प्युटरवर भाजलेली कॉपी. बाजारात सगळे कॉप्या विकून बंगले बांधत होते तेव्हाही मी दुकानात एक कॉपी येऊ दिली नाही. त्यामुळे मी बंगला बांधला नाही, पण "मेश्रामभाऊकडं डुप्लिकेट माल भेटत नाई" एवढं नाव मात्र लांजीपासून मलाजखंडपर्यंत झालं. या नावाचा मला भलताच माज होता. बायको म्हणायची, "नावाची भाजी होत नाई." तिचंही खरंच होतं.

चोरी टाळण्यासाठी कव्हरं भिंतीवर रिकामी लावलेली आणि सीड्या काउंटरमागे साध्या कागदी पाकिटात, अशी आमची पद्धत. पाकिटावर आणि सीडीवर मार्करने खुणेचं अक्षर. ही अक्षरं फक्त मला कळायची. एकदा आमच्या वार्डातल्या विहारात लहान मुलांसाठी कार्यक्रम होता. कमिटीचे गजभिये घाईत आले आणि मी चहाला गेलेला पाहून स्वतःच एक पाकीट उचलून गेले. पाकिटावर "भ" होता. भ म्हणजे भंतेजींचं प्रवचन, अशी त्यांची समजूत. माझ्याकडे भ म्हणजे भालू.

हा भालू म्हणजे एका अस्वलाचं कार्टून, माझ्या सगळ्या साठ्यातलं सर्वांत लाडकं. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतले एक साहेब बदली होऊन जाताना मला देऊन गेले होते. त्यात एक शब्द बोललेला नाही. एक भालू डोक्यावर खुर्ची घेऊन सावली शोधत फिरतो. सावली सापडली की खुर्ची मांडतो, बसतो, तोवर सावली सरकते. संध्याकाळपर्यंत हेच. एकेक चित्र कोणीतरी हाताने रंगवलेलं, आणि दमलेल्या भालूचं पोट श्वासागणिक हलतं तेही दिसतं. मी धावत विहारात पोचलो तेव्हा मुलं लोळून हसत होती, गजभिये घामाघूम झाले होते आणि भंतेजी डोळे पुसत होते. मी माफी मागायला वाकलो तर म्हणाले, "राहू द्या. आज मी याच्यावरच बोलतो. सावली कोणाच्या बापाची नसते, हे सांगायले मले तासभर लागला असता." पुढची दोन वर्षं गजभिये रस्त्यात दिसले की मी खुर्ची डोक्यावर घेतल्यासारखा हात करायचो. ते दगड शोधायचे.

असे दिवस मजेत जात असताना, गेल्या काही वर्षांत एकदा धान पिकायच्या सुमारास एक मुलगी दुकानात आली. कडेवर तान्हं बाळ. सुनेला ओलांडून थेट मागे माझ्यापाशी आली आणि म्हणाली,

"काकाजी, घोडा मेला का जिता आहे?"

मी म्हटलं, "कोणाचा घोडा, बाई?"

"माह्या लग्नातला."

मी तिला आधी स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. मग हळूहळू उलगडलं. तिचं नाव वैशाली. माहेर लांजीजवळच्या खेड्यात, सासर राजेगावला. तिचे वडील हिरामणजी आणि सासरे दौलतराव, दोघेही माझ्या ओळखीचे. दोघांनाही एकाच जुन्या मालिकेचं वेड. मालिकेचं खरं नाव काही वेगळंच होतं, पण आमच्या भागात सगळे तिला घोडावाली मालिकाच म्हणत. एका म्हाताऱ्या हवालदाराचा घोडा चोरीला जातो आणि तो गावोगाव त्याला शोधत फिरतो, एवढीच गोष्ट. पण तेव्हा ती लागली की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही.

"लग्नाच्या पंगतीत दोघं ईवाई शेजारी बसले होते," वैशाली सांगू लागली. "गोडाचं वाढून झालं अन् घोड्याची गोष्ट निघाली. बाबा म्हणे, शेवटी घोडा परत येते. मामाजी, म्हंजे माहे सासरे, म्हणे, घोडा मरते. बाबा म्हणे, मी सोताच्या डोळ्यानं पायलं. मामाजी म्हणे, मंग मी का लबाड बोलून राह्यलो? अन् दोघंही ताटावरून उठले, काकाजी. तवापासून बाबा राजेगावले आले नाई अन् मामाजी आमच्याकडं गेले नाई."

आमच्याकडे व्याह्यांनी, म्हणजे ईवायांनी, लग्नात रुसायची रीतच आहे. कोणी मानपानावरून रुसतं, कोणी दुपट्ट्यावरून. संध्याकाळपर्यंत समजूत निघते. पण घोड्यावरून रुसलेल्या व्याह्याची समजूत कशी काढायची, हे कोणत्याच जुन्या माणसाला ठाऊक नव्हतं.

"आता बारसं आहे," ती म्हणाली. "बाबाले फोन केला तर म्हणते, आधी तुह्या सासऱ्याले कबूल कराले लाव, घोडा जिता आहे. मामाजी म्हणते, खुशाल येऊ दे, पण मेल्या घोड्याले जिता म्हणणाऱ्याले मी माह्या मांडवात पान वाढणार नाई."

मला हसू आवरेना. मी खो-खो हसलो. ती हसली नाही. बाळाच्या टोपीची नाडी नीट करत म्हणाली, "पोरीले तिच्या आजानं अजून हातात नाई घेतलं, काकाजी. मले का वाटत असन?"

मग मला माझ्या हसण्याची लाज वाटली. तिचं म्हणणं साधं होतं. शेवटच्या भागाची सीडी बारशाला आणायची, सगळ्यांसमोर लावायची, ज्याचं खरं त्याचं खरं, आणि विषय मिटवायचा. "बाबा नातीसाठी येणार नाई," ती म्हणाली, "पण घोड्यासाठी येतीन."

दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे मला त्या मालिकेचा शेवट माहीत होता, आणि तो आठवूनच मला घाम फुटला. ही अडचण मी तिला सांगितली नाही. दुसरी सांगितली. त्या मालिकेच्या आठ सीड्यांपैकी सात माझ्याकडे होत्या. आठवी लांजीकडचा सोमाजी नावाचा गिऱ्हाईक घेऊन गेला होता आणि तो परत आला नव्हता. ती मालिका काढणारी कंपनी कधीच बंद पडली होती, मोबाईलवरही ती कुठे सापडत नव्हती. मी शोधून थकलो होतो.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल काढली आणि सोमाजीचं घर गाठलं. मला पाहून त्याने आधी चहा मांडला, मग आठवायला सुरुवात केली.

"आमचा प्लेयर बिघडला, भाऊ. मंग सीड्या मायनं नेल्या."

"कुठं नेल्या?"

"धानात टांगल्या असन. पोपट लय येतेत ना."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. लोंबी भरली की पोपटांचे थवेच्या थवे धानावर उतरतात. त्यांना घाबरवायला आमच्याकडे बांधीवर, म्हणजे धानाच्या खाचरावर, आडवी दोरी ताणून तिला जुन्या सीड्या बांधतात. वारा आला की त्या गरगर फिरतात, उन्हात लखलखतात, आणि पोपट दुसऱ्याच्या शेतात जातो. या उपायाचा मी जन्मभर तिरस्कार केला आहे. रस्त्याने जाताना शेतात लोंबकळणारी सीडी दिसली की मला कोणीतरी फाशी दिल्यासारखं वाटतं.

सोमाजीची आई, सगुणाबाई, शेताच्या बांधावर, आमच्या भाषेत धुऱ्यावर, बसून गोफण फिरवत होती. मी चपला काढून बांधीत उतरलो आणि एकेक सीडी हातात घेऊन बघू लागलो. भजनं, लग्नाचे व्हिडिओ, इंग्रजी शिका, कोणाचा तरी पोटाचा एक्स-रे. दोरीच्या शेवटी एक सीडी फिरत होती. वरची छपाई उन्हाने पार उडालेली, नावाचा पत्ता नाही, पण मार्करची पुसट खूण होती, "घो ८". मी ती उजेडासमोर धरली. एका कडेला दोन-तीन बारीक ठिपके चमकले. बाकी शाबूत. म्हातारीने खिळा न ठोकता मधल्या भोकातूनच दोरी ओवली होती, हे तिचे माझ्यावर उपकारच. मी गाठ सोडायला लागलो.

"ए बाप्पा! काय करून राह्यला?" धुऱ्यावरून गोफण थांबली.

"मावशी, ही माझी सीडी आहे."

"तुही असन. पण पोपट माहे आहेत ना? ती नेली तं या कोपऱ्यात का तू उभा राहशीन?"

मी म्हटलं, बदल्यात दुसरी देतो. "दाखव," ती म्हणाली. पिशवीत मी याच तयारीने खराब झालेल्या डझनभर सीड्या नेल्या होत्या. म्हातारीने एकेक घेतली, उन्हात तिरपी धरली, तिचा कवडसा समोरच्या बाभळीवर पाडला आणि खाली ठेवली. "हे मरगळलेली आहे." दुसरी. "इच्यानं चिमणीबी नाई उडाची." तिसरी, चौथी, सगळ्या नापास. मी उभ्या जन्मात कोणत्या गिऱ्हाइकाला सीडी इतकी पारखून घेताना पाहिलं नव्हतं. मग तिची नजर पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात गेली.

तिथे माझा भालू होता. प्लेयर दुरुस्तीवाल्याकडे होता, वाटेत तो घेताना तपासून पाहावा म्हणून मी भालू बरोबर घेतला होता, कारण माझ्याकडे त्याच्याइतकी स्वच्छ सीडी दुसरी नव्हती. म्हातारीने तो उन्हात धरला. कवडसा बाभळीवर असा पडला की तिथले पोपट उडालेच.

"हे पायजे."

मी तिला परोपरीने समजावलं. ही दुर्मिळ आहे, यात एक भालू आहे, असं आता कोणी काढत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भालू शेतात उभा राह्यला तं पोपट याचे नाईत ना?"  मी धुऱ्यावर बसून राहिलो. डोळ्यांसमोर त्या पोरीच्या टोपीची नाडी यायची आणि मग भालूचं हलणारं पोट यायचं. शेवटी मीच माझ्या हाताने भालू दोरीला बांधला. गाठ मारताना मला रडू आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. सगुणाबाई म्हणाली, "एवढं का रडतं, बाप्पा? पिकल्यावर मुठभर धान नेजो."

बारशाच्या दिवशी मी प्लेयर घेऊन राजेगावला पोचलो. हिरामणजी खरंच आले होते, पण मांडवाच्या बाहेर मोटारसायकलवरच बसून होते. निकाल लागल्याशिवाय आत पाऊल टाकणार नव्हते. दौलतराव मांडवाच्या आत, पण पाठ करून. नव्या सपाट टीव्हीला आमच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीची भोकंच नव्हती, म्हणून शेजाऱ्याच्या कोठीवरून जुना डबा टीव्ही उतरवला. तो मांडवाच्या तोंडाशी ठेवला, म्हणजे आतल्यालाही दिसावा आणि बाहेरच्यालाही. पाळण्यातल्या बाळाकडे कोणाचं लक्ष नव्हतं. वैशाली पाळण्याची दोरी धरून टीव्हीकडे पाहत होती.

सीडी चालली. शेवटचा प्रसंग आला. म्हातारा हवालदार जत्रेत पोचतो. गर्दीत एक टांगा उभा असतो. टांग्याला त्याचाच घोडा. आणि नेमक्या इथे त्या बारीक ठिपक्यांनी डाव साधला. पडद्यावर चौकोनच चौकोन झाले, आवाज घरघरला. क्षणभराने चित्र परत आलं. हवालदार घोड्याची मान खाजवतो, टांगेवाल्याला एक शब्द बोलत नाही, मागे जाऊन सवारीसारखा बसतो आणि म्हणतो, "चलो भाई, बाज़ार तक." टांगा धुळीत जातो. संपलं.

 घोडा मेला नव्हता. घोडा परतही आला नव्हता.

हिरामणजी मोटारसायकलवरून उतरले. दौलतराव वळले. आता दोघे मिळून माझ्यावर जोडा काढतात की वेगवेगळा, असं मला वाटलं. तेवढ्यात वैशालीची सासू म्हणाली, "मले एक समजत नाई. हा भाग आला त्या दिवशी तं आपल्याकडं लाईट गेलती. तुमी का पायलं?" तिकडून वैशालीची आई म्हणाली, "बाई, आमच्याकडंबी नोयती. यायले तं बसच्या कंडक्टरनं सांगतलं."

दोघे ईवाई एकमेकांकडे पाहू लागले. मोठी बिकट वेळ होती. हरायला दोघेही तयार नव्हते आणि जिंकायला कोणीच शिल्लक नव्हतं. तेव्हा दौलतरावांनी घसा खाकरला, टीव्हीजवळ आले, प्लेयरमधून सीडी काढली, उलटसुलट करून पाहिली आणि हिरामणजींच्या हातात दिली.

"ईवाईबुवा, पाहा बरं. याच्यावर नाव कुठं आहे?"

हिरामणजींनी निरखून पाहिलं. "नावच नाई."

"अन् मधात ते चौकोन चौकोन कायचे?"

"काटलं आहे ना!" हिरामणजींचा चेहरा उजळला. "असली शेवट मधातून काटला."

"मंग! डुप्लिकेट आहे."

"सोळा आणे डुप्लिकेट!"

आणि दोघांनीही खांद्याला खांदा लावून माझ्याकडे पाहिलं. मांडवातले पंचवीस-तीस पाहुणेही पाहू लागले. लांजीचे होते, राजेगावचे होते, दोन तर माझे जुने गिऱ्हाईक होते. माझं डोकं भडकलं. अरे, मागची बाजू पाहा, चांदीसारखी पांढरी आहे! ओरिजिनल आहे! हिच्यासाठी मी माझा भालू फासावर दिला! हे सगळं तोंडापर्यंत आलं. एवढ्यात माझी नजर पाळण्याकडे गेली. वैशालीने दोरी सोडून दोन्ही हात जोडले होते, आणि ते माझ्यापुढे जोडले होते.

"काय मेश्रामभाऊ," दौलतरावांनी दरडावून विचारलं, "बोला. डुप्लिकेट आहे का नाई?"

मी म्हटलं, "हौ. डुप्लिकेट आहे."

"पाय! मी म्हटलं नोयतं?" हिरामणजी गरजले. तिथून ते तरातरा मांडवात आले, पाळण्यातून नातीला उचललं आणि तिला माझ्याकडे तोंड करून धरलं. "पाय बाई, चांगली पाहून ठेव. हा डुप्लिकेटवाला. याच्यापाशी काई घेजो नको." पोरगी माझ्याकडे पाहून बोळक्या तोंडाने हसली. मग दोघे ईवाई पंगतीत शेजारी बसले, पोरगी एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर जात राहिली, आणि खरा शेवट काय असेल यावर दोघांचं रंगात आलं. मला वाढायला कोणी उठेना. फसव्या माणसाला कोण वाढणार? मी प्लेयरची वायर गुंडाळत कोपऱ्यात बसलो होतो. शेवटी वैशालीच ताट घेऊन आली.   ताटात चार माणसांना पुरेल एवढं गोड होतं, आणि मी ते सगळं संपवलं.